टेलचं गाव

धरणातून आलेलं पाणी आज दुधाच्या चहासारखं दिसतंय. सिमेंटच्या गोल पायऱ्यांवरून ते खळाळत उतरतं, फेस धरतं आणि पन्हळीतून आतल्या हौदाकडे निघून जातं. जुलै सुरू आहे. मागे सातपुड्याची रांग कमरेपर्यंत ढगात आहे. रात्रभर वर मेळघाटाकडे पाऊस झाला, ओढ्यानाल्यांची माती धरणात उतरली, आणि तीच आता या पायऱ्यांवर येऊन पोचली आहे.

"काल असं नोतं," ऑपरेटरभाऊ सांगतात. "काल मीटर तीसच्या आत होतं. आज सकाळी पाह्यलं तं दोनशेच्या वर."

मीटर म्हणजे गढूळपणा मोजायचं यंत्र. प्यायच्या पाण्यात हा आकडा 1 च्या आत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 5, असं भारतीय मानक म्हणतं. दोनशेचा आकडा काही तासांत एकवर आणायचा आहे, तोही पंप न थांबवता. कारण पंप थांबला की पुढची गावं थांबतात.

मी आहे ती जागा अकोला जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. एका प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेचं हे जलशुद्धीकरण केंद्र. इथून दक्षिणेकडे जमीन पूर्णा नदीपर्यंत हळूहळू उतरत जाते, आणि त्या उतारावर खारपाणपट्टा पसरला आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतली शेकडो गावं त्यात येतात. पूर्णेच्या खोऱ्यातला गाळ शेकडो फूट खोल, आणि त्यात साठलेलं पाणी खारट. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. म्हणून डोंगरातलं गोडं पाणी नळानं खाली न्यायचं, हा उपाय. वान धरणाच्या पाण्यावर अकोट-तेल्हाऱ्याकडची 84 गावांची योजना चालते, त्याच धरणाचं पाणी बुलढाण्यात जळगाव जामोद-संग्रामपूरकडे 140 गावांच्या योजनेला जातं. अमरावतीकडे शहानूर धरण हेच काम करतं. इतर जिल्ह्यांत गावाची पाणीयोजना मोडली तर लोक जुन्या विहिरीकडे वळतात. इथल्या माणसाला ती सोय नाही. त्याची विहीर भरलेली असते आणि तरी तो तहानलेला असतो.

प्रयोगशाळा म्हणजे एक खोली. खिडकीपाशी जार टेस्टचं यंत्र आहे: सहा काचेची भांडी एका रांगेत, प्रत्येकात एक पातं. ऑपरेटरभाऊंनी सहाही भांड्यांत तेच गढूळ पाणी भरलंय. आता ते पिपेटनं तुरटीचं द्रावण सोडतात. पहिल्यात लिटरला 20 मिलिग्रॅम, दुसऱ्यात 30, असं करत सहाव्यात 70. बटण दाबलं. पाती मिनिटभर जोरात फिरतात, मग वेग कमी होतो आणि ती संथ फिरत राहतात.

पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. सहाही भांडी सारखीच मळकट. मग चौथ्यात डोळ्यांना काहीतरी हललेलं जाणवतं. मातीचे बारीक, टाचणीच्या टोकाएवढे पुंजके. ते एकमेकांना चिकटतात, मोठे होतात, आणि त्यांच्यामधलं पाणी निवळायला लागतं. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि दिवसच्या दिवस तरंगत राहतात. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम तो भार मारतं. एकदा भार मेला की कण जवळ येतात, जड होतात, तळाला बसतात. घराघरांत पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या.

पाती थांबली. आता नुसतं बघत बसायचं. अर्ध्या तासानं पहिल्या दोन भांड्यांत अजून धूसरपणा आहे. चौथं स्वच्छ. पाचवंही स्वच्छ. सहाव्यात मात्र पुन्हा थोडं धुकट.

"लय टाकली म्हनजे लय साफ, असं नाई ताई," ते म्हणतात. "जास्ती झाली का उलटं काम होते. आन पैसा वाया जाते तो वेगळाच." वहीत ते चौथ्या भांड्याचा आकडा लिहितात आणि बाहेर जाऊन तुरटीच्या टाकीची तोटी त्या हिशेबानं उघडतात. टाकीत तुरटीच्या लाद्या विरघळत पडल्या आहेत.

हे काम रोज करायचं असतं. पाऊस असेल तेव्हा दिवसातून दोनदा-तीनदासुद्धा. मी इतरत्र अशीही केंद्रं पाहिली आहेत जिथे जार टेस्टच्या यंत्रावर फडकं टाकलेलं असतं आणि तुरटी अंदाजानं पडते. अंदाज चुकला की माती फिल्टरमध्ये जाते, फिल्टर चोंदतो, पुढे क्लोरीनही त्या मातीवरच खर्ची पडतं. पाण्यातले जंतू मातीच्या कणाआड लपतात आणि औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे गावात पोरांना हगवण लागते त्याचं एक मूळ या खोलीत, या सहा भांड्यांपाशी असू शकतं. हे मूळ गावापासून तीस-चाळीस किलोमीटर दूर असतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

बाहेर मोठा गोल हौद. त्यावरून एक लोखंडी पूल इतक्या संथपणे फिरतो की एका जागी उभं राहून पाहिलं तरच त्याची चाल कळते. मधोमध पुंजके तयार होतात, कडेच्या भागात ते खाली बसतात, आणि वरचं नितळ पाणी काठाच्या दातेरी पट्टीवरून ओघळून पुढे जातं. खालचा गाळ वेळोवेळी सोडून द्यावा लागतो.

फिल्टरघरात आत शिरताच आवाज बदलतो. चार वाफे, प्रत्येकात वाळूचा दोन-अडीच फुटांचा थर, खाली गोटे. आज एका वाफ्यावर पाणी तुंबलंय, वाळू चोंदली आहे. पावसाळ्यात हे लवकर होतं. भाऊ वरचा व्हॉल्व्ह बंद करतात, खालून आधी हवा सोडतात. सगळा वाफा उकळायला लागतो. मग खालून उलटं पाणी. वाळूच्या पोटातली माती वर येते, तपकिरी लोट उसळतात आणि मधल्या नाल्यात जाऊन पडतात. काही मिनिटांत लोट फिके होतात. वाळूचा पृष्ठभाग दिसायला लागतो. ते वाकून निरखून बघतात, कुठे चिखलाचा गोळा राहिलाय का. एका कोपऱ्यात राहिला आहे. पुन्हा हवा.

क्लोरीनची खोली वेगळी आणि जरा दूर आहे. आत जायच्या आधी भाऊ मला थांबवतात. "तुमी दारातच रहा." खोलीच्या झरोक्यांकडे माझं लक्ष जातं. ते वर छताजवळ नाहीत, खाली जमिनीलगत आहेत. क्लोरीन हवेपेक्षा जड. गळलंच तर जमिनीवर पसरतं, म्हणून वाट खालूनच काढून दिलेली. आत पिवळ्या रंगाची, माणसाच्या कमरेला येतील एवढी मोठी नळकांडी आडवी पडलीत. काठीला गुंडाळलेलं फडकं अमोनियाच्या बाटलीत बुडवून ते जोडांवरून फिरवतात. गळती असेल तिथे पांढरा धूर निघतो. आज धूर नाही. ते मान हलवतात आणि काट्याकडे बघतात.

"इथून निघतानी पान्यात एकच्या वर क्लोरीन ठेवतो आमी," ते म्हणतात. म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅमच्या वर. "पन टेलच्या गावाले किती पोचते, ते तिथं जाऊनच पाहा."

टेल म्हणजे वाहिनीचं शेवटचं टोक. कालव्यालाही टेल असतो, पाइपालाही. टेलच्या माणसाला पाणी शेवटी मिळतं, कमी मिळतं, आणि त्याची तक्रारही शेवटीच ऐकू येते. मला तिकडेच जायचं आहे.

गाडी संत्र्याच्या बागा मागे टाकते, केळी संपतात, आणि मग कपाशीची काळी रानं लागतात. मुख्य वाहिनी रस्त्याच्या कडेनं जमिनीखालून चालली आहे, ती दिसत नाही. दिसतात ते अधूनमधून वर काढलेले एअर व्हॉल्व्ह. एकाचं झाकण गेलंय. त्यातून बारीक कारंजं उडतंय आणि खाली खड्ड्यात पाणी साचलंय. दोन म्हशी त्यात तोंड घालून उभ्या. एक पोरगा प्लास्टिकचा डबा भरतोय.

लाइनमन मोटारसायकल थांबवतो. त्याच्या पाठीवर पाइप जोडायच्या सामानाची पिशवी आहे. या भागात जोड का निसटतात ते तो मला जमीन दाखवून सांगतो. आता चिखल आहे, पण मे महिन्यात याच रानात हात जाईल एवढ्या भेगा असतात. काळी माती उन्हात आकसते, पावसात फुगते. दरवर्षी. तिच्या पोटातला पाइप तिच्याबरोबर ओढला जातो आणि जोडावर सुटतो. आराखड्यात रेघ सरळ असते. जमीन तशी राहत नाही. विदर्भातल्या काळ्या मातीत पाइप टाकताना खाली मुरमाचा, वाळूचा थर द्यावा लागतो, तो कुणी दिला आणि कुणी नाही, हे पहिल्या दोन पावसाळ्यांत कळतं.

पण मला जास्त काळजी वाटते ती त्या साचलेल्या पाण्याची. पाण्याचा दाब आहे तोवर पाणी आतून बाहेर येतं, नासाडी होते, एवढंच. दाब गेला, पाणी बंद झालं की पाइप रिकामा व्हायला लागतो आणि आत पोकळी होते. मग त्याच फटीतून बाहेरचं आत ओढलं जातं. म्हशींनी ढवळलेलं, शेणाचं, मुताचं. योजनेत जिथे चोवीस तास पाणी नसतं, तिथे हे रोज घडतं. शुद्धीकरण केंद्रात कितीही साफ करा, अधूनमधून येणारं पाणी वाटेत पुन्हा बिघडू शकतं. आणि महाराष्ट्रातल्या किती खेड्यांत चोवीस तास पाणी आहे? नळ दारात आले, हे खरं. 15 ऑगस्ट 2019 ला जलजीवन मिशन जाहीर झालं, प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी दिवसाला 55 लिटर पाणी, असं ठरलं. 2024 ची मुदत होती, ती पुढे 2028 पर्यंत वाढली. नळ मोजणं सोपं आहे, आणि तेच मोजलं जातं. त्या नळातून काय येतं आणि किती दिवसांनी येतं, हे मोजायला कुणीतरी तिथे जाऊन उभं राहावं लागतं.

टेलच्या गावात आज पाण्याची पाळी आहे. वरून पाणी तीन दिवसांनी येतं. शाळेमागे उंच टाकी आहे, 50 हजार लिटरची. गावाची लोकसंख्या अठराशेच्या आसपास, आणि माणशी 55 लिटरच्या हिशेबानं एक टाकी नऊशे माणसांना एका दिवसाला पुरते. म्हणून गावाचे दोन भाग केलेत, टाकी दोनदा भरायची आणि दोनदा सोडायची.

जलसुरक्षक टाकीखाली बादली घेऊन बसलेत. ग्रामपंचायतीनं नेमलेला हा माणूस, पन्नाशीचा, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. गावात त्यांना सगळे काका म्हणतात. पाणी सोडणं, पाणीपट्टीची पावती फाडणं, दवंडी देणं, ग्रामसभेच्या खुर्च्या मांडणं, सगळं त्यांच्याकडेच. मानधन फार थोडं, आणि तेही महिनोन्‌महिने अडकतं.

त्यांच्यापुढे ब्लीचिंग पावडरची पिशवी आहे. गावात तिला कुणी ब्लीचिंग म्हणत नाही, टीसीएल म्हणतात. काका चिमूटभर पावडर तळहातावर घेऊन मला दाखवतात. कोरडी, भुरभुरीत, नाकाला झोंबणारी.

"ही ताजी हाये. मांगच्या महिन्यात आली ते ढेकळं होती, ओली. मी वापस केली."

ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. हवा, ऊन, ओल लागली की ते उडून जातं आणि मागे चुना उरतो. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्यात घालायच्या लायकीची नाही. दिसायला मात्र दोन्ही पांढऱ्याच. हिशेब असा, की 33 टक्क्यांच्या पावडरीनं या टाकीत लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर दीडशे ग्रॅम लागते. तीच पावडर 20 टक्क्यांवर आली असेल तर अडीचशे. काका पावसाळ्यात मात्रा दुप्पट धरतात, म्हणजे ताज्या पावडरीची 300 ग्रॅम. तराजू नाही. पण डब्यावर रेघ मारलेली आहे, आणि ती रेघ आरोग्य उपकेंद्रातल्या काट्यावर तोलून आणलेली आहे, हे ते दोनदा सांगतात.

बादलीत आधी थोडं पाणी. त्यात पावडर कालवून घट्ट लगदा करतात, मग आणखी पाणी घालून काठीनं ढवळतात. आणि मग थांबतात. बिडी पेटवत नाहीत, फोन काढत नाहीत, नुसते बादलीकडे बघत बसतात. दहा मिनिटांत चुना तळाला बसतो आणि वर हिरवट झाक असलेलं निवळ पाणी येतं. तेवढंच टाकीत ओतायचं. चुन्यासकट ओतलं तर तोट्या चोंदतात आणि लोकांच्या हंड्यांत पांढरा साका बसतो.

बादली खांद्यावर घेऊन ते टाकीची शिडी चढतात. शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या गंजलेल्या आहेत. वरून त्यांचा आवाज येतो, "झाकन सरकवतो, खाली नोका थांबू!"

उतरून येतात आणि मोबाइलवर वेळ बघतात. अर्धा तास. क्लोरीनला जंतू मारायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. खाली गल्लीत बायका हंडे घेऊन उभ्या, एक जण ओरडते, "काका, सोडा ना आता! डबा करायचा हाये पोराचा!" काका हलत नाहीत. मला हा अर्धा तास या सबंध योजनेतला सगळ्यात मोलाचा वाटतो. वर कोट्यवधींचं केंद्र आहे, मैलोन्‌मैल वाहिन्या आहेत, आणि शेवटी एक माणूस बायकांच्या शिव्या खात अर्धा तास थांबतो की नाही, यावर या गावातल्या लेकरांचं पोट अवलंबून आहे.

वेळ झाली. लांब दांड्याची चावी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरते. दोन-चार फेरे. पाइपातून हवेचा सुसाटा, मग खडखड, आणि पहिल्या घराच्या नळातून पाणी येतं. पहिली धार सगळ्या बायका अंगणात सोडून देतात. कुणी शिकवलेलं नाही, अनुभवानं आलंय. ते बरोबरही आहे.

पाठोपाठ मोटारींचा आवाज सुरू होतो. टुल्लू. तीन-चार घरांनी नळालाच पंप लावलेत आणि ओढायला सुरुवात केली आहे. काका थांबतात, पहिल्या दारात जातात, नुसतेच उभे राहतात. मोटार बंद होते. दुसऱ्या दारी वाद होतो. "आमच्याकडं धारच येत नाई, मंग काय करावं?" प्रश्न खरा आहे. पण टुल्लूनं पुढच्या घराची धार मरते, आणि जिथे जोड ढिला असेल तिथून गटाराचं पाणी पाइपात खेचलं जातं. हे काका त्या घरातल्या म्हाताऱ्याला समजावतात. म्हातारा मान हलवतो, मोटारीची वायर काढून हातात देतो.

आता ओटी, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन मोजायची तपासणी. काकांच्या पिशवीत एक छोटी पेटी आहे, तिच्यात काचेची नळी, औषधाची कुपी आणि पिवळ्या रंगाच्या चढत्या छटांची पट्टी. पहिल्या घराच्या नळाचं पाणी नळीत घेऊन ते औषधाचे थेंब टाकतात. पाणी लगेच पिवळं होतं. पट्टीला लावून बघतात. अर्धा मिलिग्रॅम. शाळेजवळच्या नळावर थोडं फिकं. मानकाप्रमाणे नळावर किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं. एवढं उरलं की वाटेत काही शिरलं तरी त्याला मारायला शिल्लक असते, आणि घरी हंड्यात साठवल्यावरही काही काळ राखण होते.

शेवटची गल्ली. गल्लीचं शेवटचं घर, त्यापुढे शेत. बुजुर्ग बाई ओट्यावर बसल्यात. नळाला धार करंगळीएवढी. काका नळी भरतात, थेंब टाकतात आणि उजेडाकडे धरतात.

पाणी तसंच. रंगच नाही.

ते पुन्हा नळी धुतात, पुन्हा भरतात. पुन्हा काही नाही. "निगेटिव्ह," ते हळू म्हणतात, मग मोठ्यानं, "आजी, हे पानी आज पिऊ नका. वापराले घ्या. पियाचं मी आनून देतो."

"वासाचं नाई आज, चांगलं हाये की," आजी म्हणतात.

वासाचं नाही म्हणून चांगलं. हे मी गावोगाव ऐकते. औषधाचा वास आला की पाणी खराब समजून ओतून देणारी घरं मला ठाऊक आहेत, आणि वास येतो म्हणून पावडर कमी टाका असं सांगणारे सदस्यही. त्या आजींना मी ओट्यावर बसून सांगते, की थोडा वास येणं ही चांगली खूण आहे, औषध अजून जिवंत असल्याची. त्या ऐकून घेतात. पटलं की नाही, कळत नाही.

काका मात्र मागे वळलेत. शेवटच्या दोन घरांमधला पाइप कुठून येतो, ते पायानं मोजत चाललेत. सिमेंटच्या नालीपाशी थांबतात. नालीतलं काळं पाणी एका ठिकाणी गोल फिरतंय. काका बाह्या सरसावतात, हात आत घालतात, चाचपतात. पाइप नालीच्या आडवा, पाण्यात बुडालेला. जोडावर जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं, ते सैल झालेलं. तीन दिवस पाणी बंद असताना या जोडातून आत काय गेलं असेल, ते सांगायला नको. क्लोरीन इथेच संपलं.

ते त्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करतात. सरपंचांना फोन. पाइप नालीतून उचलून वरून घ्यायचा, नवा तुकडा लागेल, मजुरी लागेल. वित्त आयोगाच्या निधीतला एक हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला असतो, हे काकांना माहीत आहे आणि ते फोनवर सांगतात. पलीकडून काय उत्तर येतं ते मला ऐकू येत नाही. काका म्हणतात, "उद्या नाई, आजच. आज पानी पोचलं नाई तं चालते, असं पोचलं तं नाई चालत."

दुपारी ग्रामपंचायतीत आशाताई आणि बचतगटाच्या दोघी येतात. जलजीवनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण दिलं जातं, त्यांतल्या या. त्यांच्याकडे तपासणीची पेटी आहे. लहान बाटल्यांत त्या पाण्याचे नमुने भरतात. या बाटल्यांत आधीच एक औषध आहे, आणि पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर एक-दोन दिवसांत ते पाणी काळं पडतं. शेवटच्या घराची बाटली वेगळी, तिच्यावर चिठ्ठी. भिंतीवर हिरवं कार्ड लावलेलं आहे. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरात, पाण्याच्या जागांची स्वच्छता पाहून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. या गावाचं हिरवं. बचतगटाच्या एक ताई कार्डाकडे बघतात, मग बाटलीकडे, आणि म्हणतात, "कार्ड टाकीचं हाये. नाली कोन पाह्यली?"

दारातच टमटम उभी. निळ्या कॅनमधलं आरओचं पाणी. ज्यांना परवडतं ती घरं पिण्यासाठी हेच घेतात. खारपाणपट्ट्यात आरओला अर्थ आहे, तो क्षार काढू शकतो. क्लोरीन क्षाराला हातही लावत नाही, ते फक्त जंतूंचं औषध आहे. पण नळाचं पाणी इथे डोंगरातलं गोडं येतं, त्याला आरओ लागत नाही. आणि एक गोष्ट कॅनवाला सांगत नाही: त्याच्या यंत्रातल्या कोळशात क्लोरीनही निघून जातं. कॅन भरताना, टमटमीत, घरातल्या उघड्या माठात पुन्हा जंतू शिरले तर त्यांना अडवायला त्या पाण्यात काहीच नसतं. पैसे देऊन घेतलेलं पाणी शुद्धच असणार, हा समज मला धोक्याचा वाटतो. त्याहून वाईट हे, की ज्यांचा आवाज ग्रामसभेत चालतो त्या घरांनी कॅन लावला, की नळाबद्दल बोलणारं कुणी उरत नाही. शेवटच्या घरातल्या आजींना कॅन परवडत नाही.

चार वाजता गल्लीत खोदकाम सुरू झालंय. दोन पोरं, एक कुदळ, नवा पाइप अजून यायचा आहे. काकांनी स्वतःच्या घरून दोन हंडे पाणी आजींकडे पोचवलं. आता ते पंचायतीच्या पायरीवर नोंदवही मांडीवर घेऊन बसलेत आणि आजची ओळ लिहितात: तारीख, टाकीत टाकलेली पावडर, पहिला नळ, मधला नळ, शेवटचा नळ. शेवटच्या रकान्यात 'निगेटिव्ह' लिहून पुढे कंसात 'नालीतील जोड, गल्ली बंद'. मी मागची पानं चाळते. प्रत्येक पानावर शेवटचा रकाना भरलेला आहे. मागच्या उन्हाळ्यात सलग काही दिवस तिथे 'पाणी नाही' एवढंच आहे, पण रकाना रिकामा सोडलेला नाही.

ही वही प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. तुमच्या गावातही. ती एकदा मागून बघा. शेवटच्या नळाचा रकाना रिकामा असेल, किंवा रोज तोच आकडा एकाच शाईनं लिहिलेला असेल, तर येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा. आणि तुमच्या गावात पाणी सोडणाऱ्या माणसाचं मानधन किती महिन्यांचं थकलंय, तेही त्याच सभेत विचारा.